'ट्रस्ट' या शब्दाची कुळकथा
(महोत्सवी सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत संस्थेचा इतिहास सांगावयाचा असतो आणि देणगीदारांचे आभार मानावयाचे असतात. ही दोन्ही कामे आमच्या आधीच्या वक्त्यांनी चोख पार पाडली आहेत. चिटणीस साहेबांनी आमच्याकडे जरा निराळे काम सोपविले. त्यांचे म्हणणे असे की, इतकी वर्षे आपण उठता-बसता 'ट्रस्ट, ट्रस्ट' म्हणत आलो. तुम्ही शाळेत भाषा शिकविता, तेव्हा या शब्दाची फोड एकदा आम्हां सर्वांसमोर करून दाखवा. मास्तराला फळा आणि खडू दिला की तो नाही म्हणत नाही. येथे फळा नाही, एवढीच काय ती उणीव.

इंग्रजीतला हा पाच अक्षरांचा शब्द. आठवीच्या वर्गात आम्ही एकदा त्याचा अर्थ विचारला. बहुतेकांनी 'विश्वास' असे लिहिले, कारण शब्दकोशात पहिला अर्थ तोच. एका मुलाने मात्र लिहिले, "जेथे फॉर्म भरून वह्या मिळतात ती जागा." वर्ग हसला. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले. पांढुर्णा-सौंसरच्या मुलाला हा शब्द त्याच वाटेने भेटतो आणि तो अर्थही खोटा नाही. मनातल्या एका भावनेचे नाव, वह्या वाटणाऱ्या कचेरीचे नाव, मोठमोठ्या कारखानदारांच्या जुटीचे नाव आणि बंदरावरच्या सरकारी कारभाराचे नाव, ही सारी एकच कशी झाली, हेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचे माहेर पाहू. इंग्रजांची भाषा म्हणजे आपल्या बुधवारच्या बाजारासारखी. कोणाचा माल कोठून आला याचा पत्ता सहसा लागत नाही. हा शब्द मात्र उत्तरेकडच्या, नॉर्वे-डेन्मार्ककडच्या दर्यावर्दी लोकांबरोबर इंग्लंडात उतरला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या लोकांच्या जुन्या भाषेत 'ट्राउस्ट' म्हणजे आधार, धीर, भरवसा. जर्मन भाषेत त्याचाच भाऊ 'ट्रोस्ट'. त्याचा अर्थ सांत्वन. दुखवट्याच्या घरी जाऊन आपण जे दोन शब्द बोलतो, ते जर्मनांचे ट्रोस्ट. इंग्रजीतच या घराण्याची आणखी माणसे आहेत. खरे या अर्थाचा 'ट्रू', सत्य या अर्थाचा 'ट्रुथ', लग्नाचा शब्द देणे या अर्थाचा 'बिट्रोथ' आणि लढाई थांबविण्याचा करार म्हणजे 'ट्रूस'. हा शेवटचा शब्द आपल्या भागाला समजावून सांगावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि दिवसभर जे काही चालते ते सर्वांना ठाऊक आहे. तरी संध्याकाळी दगड थांबतात आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. गोटमारीची प्रथा असावी की नसावी हा आजचा विषय नाही. मात्र ज्यांच्यावर दिवसभर दगड टाकला ते संध्याकाळनंतर टाकणार नाहीत, या खात्रीवरच दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची दुकाने उघडतात.

याहून मागे गेले की शब्द आपल्या अंगणात येतो. युरोपातल्या व आपल्या उत्तरेकडच्या भाषांची जी एक फार जुनी मूळ भाषा पंडितांनी कल्पिली आहे, तीत 'देरू' अशा ध्वनीचा एक धातू मानतात. त्याचा अर्थ घट्ट, टणक, लाकडासारखे पक्के. त्यापासून इंग्रजीत झाडाला 'ट्री' झाले आणि संस्कृतात लाकडाला 'दारु' व झाडाला 'द्रुम'. देवदार म्हणजे देवांचे लाकूड, त्यातला 'दार' हाच. (आपल्याकडे जी बाटलीत मिळते ती दारू निराळी, तो शब्द फारसीतून औषध या अर्थाने आला. औषधाचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच.) म्हणजे ट्रस्ट या शब्दाच्या मुळाशी गोड भावना नसून खांब आहे. ज्याला टेकले असता जो मोडत नाही, तो.

माणूस विश्वासाचा शब्द काढतो आणि लगेच पैशाचा विचार करतो, ही खोड सर्व भाषांत सारखी. जुन्या इंग्रजीत 'ट्रस्टवर घेणे' म्हणजे उधार घेणे. इंग्रज वाणीसुद्धा दुकानात 'ट्रस्ट नाही' अशी पाटी लावीत असे. आपल्या बाजारातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तिचीच बहीण. अमेरिकेने तर आपल्या नाण्यांवर 1864 पासून देवावरच्या विश्वासाचे वचन छापले आणि तिकडच्या दुकानदारांनी त्याला जोड दिली की, विश्वास देवावर, बाकीच्यांनी रोख मोजावे. आपल्या मराठीतला 'पत' हा शब्द असाच दुहेरी आहे. अब्रूलाही पत म्हणतात आणि उधारीच्या क्षमतेलाही, म्हणून पतपेढी. इंग्रजीतला 'क्रेडिट' हा लॅटिनमधल्या 'विश्वास ठेवणे' या क्रियापदातून निघाला आणि ते क्रियापद व आपली 'श्रद्धा' ही एकाच मुळाची मानतात. बँकेच्या खिडकीत श्रद्धा उभी आहे हे पाहून गंमत वाटते, पण भाषेचा पुरावा तसा आहे खरा.

आता या शब्दाला कायद्याचा अंगरखा कसा चढला ते सांगतो. ही कथा आम्हांला सर्वांत आवडते.

मध्ययुगातील इंग्लंडात एखादा सरदार दूरच्या युद्धावर निघे. वर्षे लागणार, परत येण्याची खात्री नाही. मागे बायको, लहान मुले आणि जमीन. जमिनीचे हक्क व देणी सांभाळावयास कोणी कर्ता पाहिजे. तो आपल्या मित्राच्या नावे जमीन करून देई आणि तोंडी सांगे की, ही तुझी नव्हे. माझ्या मुलाबाळांच्या उपयोगासाठी तुझ्या हाती दिली आहे. सर्वच मित्र सारखे नसतात. काही जणांनी जमीन परत दिली. काहींनी सांगितले, कागद माझ्या नावाचा आहे. न्यायालयात गेले तर न्यायाधीश कागद पाहात. कागदावर मित्र मालक, म्हणून मित्र मालक. कायद्याप्रमाणे निकाल बरोबर आणि माणुसकीप्रमाणे घोर अन्याय. तेव्हा अशा विधवा आणि पोरकी मुले राजाकडे अर्ज करीत. राजाने ते अर्ज आपल्या चॅन्सेलर नावाच्या प्रधानाकडे सोपविले. हा प्रधान बहुधा धर्मगुरू असे. त्याने कागद खोटा ठरविला नाही. तो मित्राला म्हणे, मालक तूच आहेस, पण तुझ्या सदसद्विवेकावर ओझे आहे. मुलांना उत्पन्न दे, नाही तर तुरुंगात जा. जमीन एकाच्या नावे आणि तिचे फळ दुसऱ्याच्या हक्काचे, ही विलक्षण कल्पना अशी जन्मास आली. ही पद्धत जमीनदारांना इतकी सोयीची झाली की राजाचे उत्पन्न बुडू लागले. 1536 मध्ये आठव्या हेन्रीने ती कायद्याने मोडून काढण्याचा प्रयत्न केला. वकिलांनी पळवाट शोधली आणि जुन्या 'यूज' म्हणजे उपयोग या शब्दाच्या जागी 'ट्रस्ट' हा शब्द रूढ होत गेला. राजे गेले, पळवाट राहिली आणि आज आपण तिच्याच छायेत मंडप घालून बसलो आहो.

धर्मादायाचे काय? 1601 साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात एक कायदा झाला. त्याच्या आरंभी कोणती कामे धर्मादाय समजावीत याची यादी आहे. वृद्ध व अपंग गरिबांना साहाय्य, आजारी सैनिकांची सोय, शाळा, अनाथांचे शिक्षण, तरुण कारागिरांना मदत, पूल व रस्ते यांची डागडुजी आणि गरीब मुलींची लग्ने! चारशे वर्षांहून जुनी यादी, परंतु आपल्या वार्षिक अहवालाशी ताडून पाहावी. पुलाचे काम तेवढे आपण केलेले नाही.

आता आम्ही मुसलमान आहो, तेव्हा श्रोत्यांपैकी काहींच्या मनात 'वक्फ' हा शब्द आला असेल. वक्फ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ थांबविणे. मालमत्ता एकदा थांबविली की ती विकता येत नाही, दान करता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचे उत्पन्न मात्र नेमल्या कामी वाहात राहते. व्यवस्था पाहणारा मुतवल्ली. इंग्रजांचा ट्रस्ट व हा वक्फ यांतील साम्य डोळ्यांत भरते आणि काही अभ्यासकांनी असे मांडले आहे की, क्रूसेडच्या युद्धांत पूर्वेकडे गेलेल्यांनी ही कल्पना पाहून परत नेली असावी. ऑक्सफर्डचे मर्टन कॉलेज 1264 मध्ये स्थापन झाले. त्याचे नियम वक्फनाम्याशी ताडून पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. आमच्या लोकांना हे ऐकून छाती फुगवावीशी वाटते. आमचे मत विचाराल तर साम्य आहे, पुरावा अपुरा आहे आणि छाती फुगविण्याची घाई नको. शिवाय दोहोंत फरकही आहे. ट्रस्टमध्ये विश्वस्ताच्या नावे मालकी येते. वक्फमध्ये वस्तू ईश्वराची झाली असे मानतात आणि मुतवल्ली हा केवळ व्यवस्थापक राहतो.

भावनेच्या दृष्टीने ट्रस्टला खरा जवळचा अरबी शब्द वक्फ नव्हे, 'अमानत' होय. अलिफ, मीम, नून ही तीन मुळाक्षरे. त्यांपासून 'अमन' म्हणजे शांती, 'ईमान' म्हणजे श्रद्धा, 'अमीन' म्हणजे ज्याच्याकडे ठेव ठेवावी असा माणूस आणि प्रार्थनेच्या शेवटचे 'आमीन' हे त्याच घरचे. पैगंबरांना पैगंबरी मिळण्यापूर्वी मक्केचे लोक 'अल्-अमीन' म्हणत. त्यांच्याकडे लोक ठेवी ठेवीत आणि मक्का सोडण्याची वेळ आली तेव्हा त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले, असे चरित्रकार सांगतात. त्या ठेवी ठेवणाऱ्यांत विरोधकही होते. हा तपशील आम्हांला मोलाचा वाटतो.

आता मराठीची गंमत पाहा. हाच अमानत शब्द मराठीत आला आणि जिभेवर त्याची अक्षरे उलटीपालटी होऊन 'अनामत' झाला. शाळेत प्रवेश घेताना आपण अनामत रक्कम भरतो, ती अमानतच. निवडणुकीत ज्याची अनामत जप्त होते, त्याच्याविषयी बोलताना आपण नकळत अरबी बोलत असतो. शेजारच्या गुजरातीत 'अनामत' म्हणजे राखीव जागा! एकाच ठेवीच्या तीन ठिकाणी तीन पावत्या. मराठीतली 'दानत' ही दानातून आली असे पुष्कळांना वाटते. ती अरबी 'दियानत', म्हणजे सचोटी. 'इमान' शब्दाने मराठीत धर्माचे वस्त्र उतरविले आणि तो प्रामाणिकपणा झाला; म्हणून इमानी कुत्राही असतो. आणि आपला 'हवालदार'! ज्याच्या हवाली काही केले आहे तो. म्हणजे शब्दशः पाहता चौकीतले हवालदारसाहेब हे ट्रस्टी होत. त्याच घरातला 'हवाला' बिचारा 1990 नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांत इतका बदनाम झाला की आता तो सज्जनांच्या पंक्तीत बसत नाही. शब्दांनाही संगत भोवते.

पोलीस चौकीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्या राज्यात कोणी दुसऱ्याची सोपविलेली मालमत्ता गिळली, तर बोलीत त्या गुन्ह्याला 'अमानत में खयानत' म्हणतात. महाराष्ट्रात कायद्याच्या मराठीत त्याचेच नाव 'फौजदारीपात्र न्यासभंग'. 1860 च्या दंडसंहितेत हे कलम 405 व 406 होते. 1 जुलै 2024 पासून नव्या न्यायसंहितेत ते 316 झाले. आकडा बदलला, खयानत तीच.

यावरून आम्ही 'न्यास' या शब्दाकडे येतो, आणि येथे सीमेवर राहण्याचा एक लाभ दिसतो. न्यास म्हणजे खाली ठेवणे. पूजेतला अंगन्यास, गायनातला न्यासाचा स्वर, हे त्याच अर्थाचे. त्यातूनच विश्वासाने ठेवलेली ठेव असा अर्थ आला. कालिदासाच्या शाकुंतलात लेकीला सासरी धाडल्यावर कण्वमुनींना जे हलके वाटते, ते कोणाची ठेव परत केल्यावर वाटावे तसे; तेथे कवीने हाच न्यास शब्द योजिला आहे. (मुलीला परक्याची ठेव समजण्याबद्दल आमच्या वर्गातल्या मुलींची हरकत आहे. ती आम्ही येथे नोंदवून ठेवतो.)

आपल्या राज्याचा सार्वजनिक ट्रस्टांचा कायदा 1951 चा. हिंदीत त्याला 'लोक न्यास अधिनियम' म्हणतात. तो झाला तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि काटोल, सावनेर, सौंसर, पांढुर्णा ही सर्व एकाच राज्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी रेघ ओढली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा येथेच राहिला. म्हणून आज रेघेपलीकडच्या वरुड-नरखेडच्या मंडळींना 1950 च्या मुंबईच्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जावे लागते आणि तेथे मराठीत 'सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था' असे म्हणतात. रेघेअलीकडे आपले निबंधक कलेक्टरसाहेब आणि शब्द 'न्यास' व 'न्यासी'. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, आणि ट्रस्टच्या कागदांसाठी छिंदवाड्याला जाण्याचा हेलपाटा वाचला. आपल्या घरी मराठी, कचेरीत हिंदी, काही खेड्यांत पवारी, नमाजानंतर उर्दू. तेव्हा येथील माणूस एकाच गोष्टीला चार नावांनी ओळखतो आणि चारही बरोबर असतात. शिवाय नागपूरने पाचवा शब्द घडविला. 1936 च्या कायद्याने तेथे शहर सुधारण्यासाठी जी संस्था आली तिचे मराठी नाव 'नागपूर सुधार प्रन्यास'. नागपुरात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला 'नासुप्र' माहीत आहे. त्या प्रन्यासातला विश्वास नकाशा मंजूर होताना प्रकट होतो की कसे, ते नागपूरकरांना विचारावे.

हा सुधारणेचा ट्रस्ट मुंबईहून आला. 1896 ला तेथे प्लेग झाला, कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याआधी 1873 मध्ये बंदरासाठी पोर्ट ट्रस्ट झालाच होता; 2021 च्या कायद्यानंतर त्याच्या नावातला ट्रस्ट गळून 'प्राधिकरण' आले. अधिकार शब्द आला आणि विश्वास शब्द गेला, यावर आम्ही अधिक टीका करीत नाही.

पण इंग्रजी शब्दाची सर्वांत विचित्र फरपट अमेरिकेत झाली. 1882 च्या जानेवारीत रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलच्या मंडळींनी सुमारे 40 कंपन्यांचे भाग नऊ विश्वस्तांच्या हाती दिले. कागदोपत्री हा ट्रस्टच होता. परिणाम असा की दिव्यातल्या तेलाचा भाव कोणी ठरवावयाचा ते नऊ जण ठरवू लागले. मग साखरेचा ट्रस्ट, दारूचा ट्रस्ट. विधवेच्या रक्षणासाठी निघालेला शब्द गिऱ्हाइकाची मान पकडणाऱ्या जुटीचे नाव झाला. 1890 मध्ये अमेरिकेने अशा जुटींविरुद्ध कायदा केला आणि त्या जातीच्या कायद्यांना आजही 'अँटी-ट्रस्ट' म्हणतात. परभाषेच्या माणसाला वाटावे की हे विश्वासाच्याच विरोधात आहेत! 1911 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइलचे 34 तुकडे झाले. योगायोग असा की भारतातला ट्रस्टचा कायदाही 1882 च्या जानेवारीतच संमत झाला. एकाच महिन्यात एकीकडे शब्दाची व्याख्या होत होती आणि दुसरीकडे विटंबना.

या भारतीय कायद्याविषयी एक गोष्ट पुष्कळ ट्रस्टींनाही ठाऊक नसते. तो खाजगी ट्रस्टांसाठी आहे; सार्वजनिक धर्मादाय व वक्फ यांना तो लागू नाही असे त्यानेच आरंभी सांगून टाकले आहे. तथापि त्यातली व्याख्या वाचण्याजोगी आहे. तिचा भावार्थ असा की, ट्रस्ट म्हणजे मालकीला चिकटलेले एक बंधन आणि ते बंधन कोणी टाकलेल्या व दुसऱ्याने स्वीकारलेल्या विश्वासातून निर्माण होते. कायद्याच्या पुस्तकात 'विश्वास' हा शब्द व्याख्येत बसविणे सोपे काम नव्हे. आणि 'स्वीकारलेल्या' हा शब्द विशेष. कोणी आपल्यावर विश्वास टाकला एवढ्याने भागत नाही, आपण हात पुढे करावा लागतो. नुसता हारतुरा घेण्यासाठी पुढे केलेला हात त्यात धरलेला नाही.

गांधीजी विलायतेत बॅरिस्टर झाले तेव्हा न्यायशास्त्रावरचे स्नेलचे पुस्तक वाचले होते. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना 'अपरिग्रह' या शब्दाशी ते अडले. घरदार, बायको-मुले, पुस्तके, सर्व सोडावे की काय? तेव्हा त्यांना इंग्रजी कायद्यातला ट्रस्टी आठवला. ट्रस्टीच्या हाती कोट्यवधी असतात, पण त्यातली एक पैही तो स्वतःची म्हणू शकत नाही. आत्मकथेत त्यांनी हे स्पष्ट लिहिले आहे. गीतेतल्या शब्दाचा अर्थ इंग्रज वकिलाच्या पुस्तकाने उलगडला. विमा उतरविला होता तो हप्ते भरणे थांबवून त्यांनी सोडून दिला. धनिकांनी विश्वस्त व्हावे हा त्यांचा विचार पुढे ज्या सेवाग्रामच्या अंगणात वारंवार चर्चिला गेला, ते आपल्या विदर्भातच आहे. तो विचार धनिकांनी किती मनावर घेतला हा वेगळा प्रश्न. ज्यांनी घेतला त्यांची नावे बोटांवर मोजता येतील, पण ती आहेत.

आपल्या पिढीतल्या शिक्षकांच्या घरी 'ट्रस्ट' हा शब्द एका वेगळ्या जखमेमुळेही माहीत आहे. 1964 मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया सुरू झाला. त्याची 'चौसष्ट'ची योजना म्हणजे निवृत्त कारकून, मास्तर, विधवा यांची कपाटातली सर्वांत सुरक्षित वस्तू समजली जाई. 2001 च्या जुलैमध्ये ती युनिटे परत घेणे एकाएकी बंद करण्यात आले. पुढे सरकारने मध्ये पडून सोय केली, 2003 मध्ये संस्थेचे दोन भाग झाले, पुष्कळांचे पैसे उशिरा का होईना हाती आले. परंतु त्या पावसाळ्यात वडीलधाऱ्या मंडळींचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. बुडालेल्या रकमेपेक्षा त्यांना त्या नावाचेच अधिक लागले होते.

आता सभेचा फार वेळ न घेता मूळ मुद्द्यावर येतो. ट्रस्टमध्ये तीन माणसे लागतात. देणारा, सांभाळणारा आणि ज्याच्यासाठी सांभाळावयाचे तो. पहिल्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते. दुसऱ्याचे छायाचित्र या स्मरणिकेत आहे. आम्ही पाहिले, छान आले आहे. तिसऱ्याचे नाव कोठेच नसते. इंग्रजी कायद्याने मात्र त्या तिसऱ्याला एक भलेमोठे जुने फ्रेंच नाव देऊन ठेवले आहे, 'सेस्टी की ट्रस्ट', म्हणजे 'ज्याच्यासाठी हा विश्वास ठेवला तो'. सरदाराची ती पोरकी मुले, तीच ही. चॅन्सेलरपुढे ती भीक मागावयास आली नव्हती. वडिलांनी जे त्यांच्यासाठी ठेवले होते ते मागण्यास आली होती आणि ते त्यांना मिळाले.

त्या तिसऱ्याला आपण काय म्हणतो? बोलताना 'लाभार्थी'. अर्थी म्हणजे मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, लाभार्थी लाभ मागतो. शब्दात दोष नाही, परंतु त्याच्या हाताचा तळवा वर असतो. भारतीय न्यास अधिनियमाच्या हिंदी पाठात त्याला 'हिताधिकारी' म्हटले आहे. त्यात अधिकार आहे. त्याचा तळवा कोणाच्या खाली नाही. एकाच माणसाची ही दोन नावे आहेत आणि कोणते नाव घेऊन त्याला हाक मारावी हे आपल्या हाती आहे.

आम्ही शाळेत आहो, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. येथील नव्हे, दुसऱ्या एका गावच्या संस्थेची. नाव घेत नाही. शिष्यवृत्तीचा धनादेश देताना तेथे मुलीला व्यासपीठावर बोलावीत, ध्वनिक्षेपकावरून तिच्या बापाचा धंदा व घरची स्थिती सांगत आणि मग छायाचित्र घेत. एका वर्षी आठवीतली एक हुशार मुलगी आलीच नाही. विचारल्यावर म्हणाली, "सर, वह्या मी जुन्याच वापरीन." तिच्या बापाच्या हातगाडीवर आम्ही सर्वांनी फळे घेतलेली होती. त्याने कधी वजनात मारले नाही.

आपल्या ट्रस्टमध्ये असा प्रकार होत नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो. रक्कम पालकांच्या खात्यात जाते, यादी भिंतीवर लागत नाही, हिशेब सर्वसाधारण सभेत वाचला जातो आणि प्रश्न विचारणाऱ्याला कोणी डोळे वटारीत नाही. या गोष्टी आधीच्या विश्वस्तांनी घालून दिल्या, त्यांपैकी काहीजण आज हयात नाहीत. परंतु आपला शिष्यवृत्तीचा छापील फॉर्म जुना आहे. त्यावर वर 'मदत मागणाऱ्याचे नाव' असा रकाना आहे आणि खाली 'मी गरीब असून माझ्यावर कृपा व्हावी' असे वाक्य आहे. त्याखाली तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची सही. महोत्सवी वर्षात हा फॉर्म पुन्हा छापावयाचा आहे असे कळले. आमची सूचना एवढीच की, वरच्या रकान्यात 'हिताधिकाऱ्याचे नाव' असे छापावे आणि खालचे वाक्य काढून टाकावे. त्या जागी विद्यार्थ्याच्या सहीशेजारी विश्वस्ताच्या सहीची एक ओळ घालावी: 'वरील रक्कम या विद्यार्थ्याची असून ती आमच्याकडे अनामत होती, आज त्यास पोचती केली.' उर्दू प्रतीत तेथे 'अमानत' लिहावे, हिंदी प्रतीत 'न्यास'. छापखान्याला मजकूर पुढच्या सोमवारी द्यावयाचा आहे असे चिटणीस साहेब म्हणाले. तिन्ही प्रतींची मुद्रिते आम्ही तपासून देऊ.